आई, मी आणि आमचा शॉकप

माझ्या आईला मोटारीतले काही कळत नाही, असे मी जवळजवळ पन्नास वर्षे धरून चाललो होतो. तिने आयुष्यात कधी स्टिअरिंगला हात लावला नाही. वडिलांच्या पद्मिनीत ती डाव्या बाजूला बसे. मांडीवर पर्स, पर्सवर दोन्ही हात, आणि खंडाळ्याचा घाट लागेपर्यंत अखंड बोलणे. घाटात मात्र गप्प. मोटारीविषयी तिचे मत आमच्या घरात कुणी विचारल्याचे मला आठवत नाही. आणि ज्या गोष्टीपायी मी कित्येक महिने पुस्तके चाळली, नाना पेठेतल्या सुट्या भागांच्या दुकानांच्या पायऱ्या झिजवल्या, मेस्त्रीशी अबोला धरला, ती गोष्ट तिने एका वाक्यात सांगून टाकली. ते वाक्य ओघात येईलच. आधी माझ्या हौसेची कबुली द्यायला हवी.

मी विमा कंपनीत नोकरी करतो. लोकांच्या आयुष्यातले धोके मोजून त्यांची किंमत ठरवणे हे माझे काम. घरी मात्र मला एक असे वेड आहे की, ज्याचा विमा मी स्वतः कधी उतरवला नसता. वर्षातून एकदा मी माझी पोलो घेऊन कोइमतूरला जातो. तेथे चेट्टीपाळयम गावाजवळ कारी मोटार स्पीडवे नावाचा, सुमारे दोन किलोमीटर घेराचा, शर्यतीचा रस्ता आहे. २००३ साली सुरू झालेल्या या ट्रॅकला एस. करिवर्धन यांचे नाव दिलेले आहे. आपल्याकडच्या तरुणांना परवडेल अशी फॉर्म्युला मारुती ही एका माणसाची शर्यतीची गाडी त्यांनी बनवली. शर्यत नसेल त्या दिवशी फी भरून, हेल्मेट चढवून, तुमच्याआमच्यासारख्यांनाही तेथे आपली गाडी पळवता येते. समोरून ट्रक येत नाही, मध्येच म्हैस येत नाही, आणि चुकलात तर बहुधा मातीत जाऊन उभे राहता. मोटारीच्या पॉलिसीत शर्यत आणि वेगाची चाचणी या दोन्ही गोष्टी वगळलेल्या असतात, हे मला इतरांपेक्षा चांगले ठाऊक आहे. तरी मी जातो. पुण्याहून कोल्हापूर, बेळगाव, हुबळी, बंगळूर, सेलम करीत हजार-बाराशे किलोमीटर ज्या गाडीने जायचे, तीच दिवसभर वळणांवर पिळायची आणि तिनेच परत यायचे. आणि पुढच्या सोमवारी त्याच गाडीतून आईला दाताच्या डॉक्टरकडे न्यायचे. माझ्या साऱ्या गोष्टीचे मूळ या शेवटच्या वाक्यात आहे.

(गृहिणींनी येथे पान उलटू नये. पुढे चकल्यांचा विषय आहे.)

पोलो आमच्या चाकणलाच बनली. २०२२ साली तिचे उत्पादन थांबले, पण माझी २०१७ सालची आहे आणि अजून ठणठणीत आहे. २०१९ साली पहिल्यांदा ट्रॅकवर गेलो तेव्हा वळणात ती एका कुशीवर झुकते असे मला वाटले. शेजारी उभ्या असलेल्या गाड्या जमिनीला चिकटल्यासारख्या बुटक्या होत्या. परत येताच मी काय केले, तर मूळच्या स्प्रिंगा काढून आखूड आणि ताठ स्प्रिंगा बसवल्या. गाडी साडेतीन सेंटिमीटर खाली बसली. शॉकप मात्र तेच ठेवले, कारण ते चांगले होते आणि पैसे संपले होते. मेस्त्रीने एकदाच विचारले, "साहेब, स्प्रिंग बदलताय आणि शॉकप जुनाच?" मी म्हटले, "बघू पुढच्या वर्षी." गाडी दिसायला झकास दिसू लागली. चिरंजीवांनी तिचे अकरा फोटो काढले.

पुढच्या वर्षी टाळेबंदी आली, त्याच्या पुढचे वर्षही तसेच गेले, आणि शॉकप राहून गेले.

२०२२ च्या जुलैमधली गोष्ट. बारीक पाऊस होता, संध्याकाळ होती. पुढे मी आणि चिरंजीव, मागे आई आणि सौ. भारतीय रस्ते काँग्रेसच्या नियमाप्रमाणे गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असावा, म्हणजे ताशी पंचवीस किलोमीटरने गाडी त्यावरून सुखाने जाते. आमच्या गल्लीच्या तोंडाशी असलेला गतिरोधक कुणीतरी एका रात्रीत उरलेल्या सिमेंटचा घातलेला आहे. उंची तीच, रुंदी मात्र पाटाएवढी. त्यावर पट्टे नाहीत. मला तो रोजचा माहीत होता, आणि तरी त्या दिवशी पावसात तो दिसायला उशीर झाला. पुढची चाके गेली. मागची गेली तेव्हा तळातून दगडावर दगड आपटल्यासारखा आवाज आला. आई फक्त "आई गं" एवढेच म्हणाली. मी मागे वळून पाहिले तर ती हसण्याचा प्रयत्न करीत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिला पलंगावरून उठता येईना. क्ष-किरणाच्या चित्रात कमरेचा एक मणका पुढच्या बाजूने चेपलेला दिसला. डॉक्टर म्हणाले, या वयात हाडे ठिसूळ झालेली असतात, एवढा धक्काही पुरतो. कमरेला पट्टा, कॅल्शियम, गोळ्या आणि तीन महिने सांभाळून. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला आई सांगे, "त्याचा काही दोष नाही. माझीच हाडं मेली कापसाची झालीत." तिने मला चार शब्द ऐकवले असते तर बरे वाटले असते. ती अठ्ठ्याहत्तर वर्षांची होती आणि मला वाचवत होती.

त्या आठवड्यात एका रात्री मी खाली जाऊन गाडी जॅकवर घेतली. मागच्या शॉकपच्या दांड्याला रबराचा एक ठोकळा असतो. स्प्रिंग पूर्ण दबली की गाडी त्या ठोकळ्यावर टेकते, लोखंडावर लोखंड येऊ नये म्हणून. त्याच्या खाली दांड्यावर मी नायलॉनची एक बारीक पट्टी आवळली. गाडी दबेल तशी ती पट्टी दांड्यावर वर सरकते आणि जिथवर दाब गेला तिथे खूण म्हणून राहते. मग मागच्या सीटवर तांदळाची दोन पोती ठेवून गल्लीतून एक फेरी मारली. पट्टी ठोकळ्याला जाऊन चिकटली होती. पट्टी खाली ओढून पुन्हा फेरी मारली, या खेपेला अगदी हळू. पुन्हा तेच. म्हणजे मागे दोन माणसे बसली की माझ्या सुंदर गाडीला खाली जायला दोन बोटेसुद्धा जागा उरत नव्हती. त्या पावसाळी संध्याकाळी आईच्या कमरेखाली स्प्रिंग नव्हतीच. ती त्या ठोकळ्यावर बसली होती.

येथून माझा अभ्यास सुरू झाला.

आपण ज्याला शॉक ॲब्सॉर्बर म्हणतो आणि मेस्त्री ज्याला शॉकप म्हणतात, त्याचे नाव मुळातच फसवे आहे. धक्का झेलते ती स्प्रिंग. शॉकपचे काम त्यानंतरचे. आमच्या जुन्या वाड्यात झोपाळा होता. झोका दिला की तो आपला मागेपुढे जात राही, आणि थांबवायचा असला की आजी तळपाय जमिनीला घासत असे. स्प्रिंग म्हणजे तो झोका, आणि शॉकप म्हणजे आजीचा पाय. पाय नसेल तर खड्डा गेल्यावरही गाडी हेलकावे खात राहील. पाय फारच दाबून धरला तर झोपाळा हलणारच नाही, आणि मग चाक खड्ड्यात उतरण्याऐवजी खड्डाच गाडीत येईल.

हा पाय बनवला आहे तेलाचा. नळीत तेल, तेलात दट्ट्या, आणि दट्ट्याला बारीक भोके. दिवाळीत चकलीचा सोऱ्या ज्यांनी दाबला आहे त्यांना यापुढे मी काही शिकवायला नको. सावकाश दाबला तर पीठ गुमान येते. घाई केली की हात भरून येतो. जितक्या जोरात दाबाल तितका विरोध वाढतो. खड्ड्यात चाक किती वेगाने वर उडते, त्यावर शॉकपचा ताठपणा ठरतो. गाडीचा वेग वेगळा आणि या दट्ट्याचा वेग वेगळा, ही गोष्ट कळायला मला दोन महिने लागले. वळणात गाडी झुकते किंवा ब्रेक मारल्यावर नाक खाली घालते, तेव्हा गाडी शंभराने पळत असली तरी दट्ट्या संथ हलत असतो. उलट वीसच्या वेगाने सिमेंटचा तो उंचवटा आला की दट्ट्या बंदुकीच्या गोळीसारखा सुटतो. म्हणजे ट्रॅकवर मला जो आधार हवा तो संथ हालचालीत, आणि आईला जी दया हवी ती जलद हालचालीत. चांगल्या शॉकपमध्ये भोकांवर पोलादाच्या पातळ चकत्या बसवलेल्या असतात. संथ दाबाला त्या घट्ट राहतात आणि जोराचा दाब आला की वाकून वाट देतात. ही सोय सोऱ्यात नाही, म्हणून सौ.चा सोऱ्या गेल्या दिवाळीत फुटला.

म्हणजे मी तीन वर्षे ज्या दोन गोष्टी एकमेकींच्या वैरिणी समजत होतो, त्या तशा नव्हत्याच. मला वाटे, आईचे सुख घ्यायचे तर वेग सोडा, वेग घ्यायचा तर आईने सोसावे. खरा वैरी निघाला तो रबराचा ठोकळा, आणि त्याला घरात मीच आणले होते.

आता निवड. सल्ला देणाऱ्यांची आपल्याकडे वाण नाही. ट्रॅकवरच्या एका मित्राने सांगितले, उंची खालीवर करता येते असा कॉइलओव्हर घे, त्याला खटके असतात, हवे तसे फिरव. मी विचार केला. कोइमतूरहून थकून येणारा मी, सोमवारी सकाळी आठवणीने वाकून चारही खटके आईसाठी मऊ करीन काय? माझी मला खात्री नव्हती. शिवाय पुष्कळ गाड्यांत मागच्या शॉकपचा खटका फिरवायला तो काढूनच घ्यावा लागतो. कोनीचे पिवळे शॉकपही मनात होते. ही डच मंडळी १८५७ साली घोडागाडीचा साज बनवण्यापासून सुरुवात करून येथवर आली, हे वाचून मला त्यांच्याविषयी उगाच जवळीक वाटली. आईच्या माहेरी टांगा होता. पण त्यांतही रिबाउंड फिरवायचे, म्हणजे आठवण ठेवणे आले. नाना पेठेत एकाने कागदात गुंडाळलेले, "इंपोर्टेड आहेत, सगळ्यांना बसतात" असे शॉकप पुढे केले. ज्या वस्तूवर नंबर नाही आणि जी सगळ्यांना बसते, ती कुणालाच नीट बसत नाही. मी नमस्कार करून उतरलो.

शेवटी मन बसले ते एकाच नळीच्या, वायूच्या दाबाच्या शॉकपवर. साध्या शॉकपमध्ये नळीत नळी असते. ट्रॅकवर पंधरा मिनिटे पिळल्यावर आतले तेल तापते, त्यात फेस धरतो, आणि फेसाला विरोध करता येत नाही. आजीचा पाय घसरू लागतो म्हणा ना. एकाच नळीच्या शॉकपमध्ये तेल आणि नायट्रोजन यांच्यामध्ये एक तरंगता दट्ट्या असतो. वायूचा दाब तेलाला फेसाळू देत नाही, आणि नळीची भिंत थेट वाऱ्याला लागत असल्याने उष्णता लवकर बाहेर पडते. जर्मनीच्या बिलस्टाइनने १९५०च्या दशकात ही रचना हाती घेतली आणि १९५७ साली ती मर्सिडीजला दिली. त्यांच्या शॉकपांत मूळ उंचीच्या गाडीसाठी बी-सिक्स आणि खाली बसवलेल्या गाडीसाठी आखूड दांड्याचा बी-एट असे दोन प्रकार आहेत. माझ्या त्या मित्राने अर्थातच दुसऱ्याची शिफारस केली. मी त्या रात्रीच्या नायलॉनच्या पट्टीला विचारले आणि पहिला घेतला, आणि त्याबरोबर माळ्यावर टाकलेल्या मूळच्या स्प्रिंगा खाली काढल्या.

खोका आला तो नेमका दिवाळीच्या आदल्या आठवड्यात. सौ. चकल्या करीत होती, आई कमरेला पट्टा बांधून खुर्चीत बसून किती तीळ हवेत ते सांगत होती. चिरंजीवांनी एक शॉकप फरशीवर उभा धरून अंगाचा भार टाकून दाबला आणि सोडला. दांडा आपोआप वर येऊ लागला, घाई न करता. आई बघत राहिली. म्हणाली, "उसळत नाही गं हे." कुणी काही बोलले नाही.

जुना आणि नवा शॉकप शेजारी शेजारी आडवे ठेवून पूर्ण ताणलेली लांबी मी टेपने मोजली. युरोपातल्या गाडीला बसतो तो आपल्या उंचीच्या गाडीला बसेलच असे धरू नये. दांडा आखूड पडला तर चाक खड्ड्यात उतरायच्या आत शॉकप ताणून थांबतो. लांबी जुळली.

बसवणे हा मेस्त्रीचा प्रांत, त्यात लुडबुड करू नये हे मला अबोल्याने शिकवले होते. दोनच गोष्टी सांगतो. पुढे असतो तो नुसता शॉकप नव्हे, स्ट्रट. अर्ल मॅकफर्सन या अमेरिकन इंजिनियरची ही युक्ती १९५० साली इंग्लंडमध्ये फोर्डच्या कॉन्सल गाडीला मिळाली. स्ट्रट हेलकावा तर थांबवतोच, शिवाय चाकाला उभे धरण्याचे काम करतो आणि वळणातला आडवा भारही सोसतो. म्हणून तो काढला की चाकांचा कोन पुन्हा लावून घ्यावाच लागतो, आणि वरचे माऊंट व बेअरिंग जुने ठेवण्यात काटकसर नाही. दुसरी गोष्ट मेस्त्रीची. मागच्या शॉकपचा खालचा बोल्ट त्याने गाडी जॅकवर असताना नुसता लावला आणि ती चार चाकांवर उभी राहिल्यावर मग आवळला. "हवेत आवळला तर बुश पिळलेलाच राहतो, साहेब. रोज थोडा थोडा फाटतो." त्याच्याशी मी पुन्हा कधी वाद घातलेला नाही.

खोटे कशाला सांगू, सिमेंटच्या रस्त्याच्या जोडांवर गाडी पूर्वीच्या मूळ गाडीपेक्षा किंचित टकटक करते. ते या जातीच्या शॉकपबरोबर येतेच. त्यातली निम्मी टकटक टायरातली हवा दाराच्या खांबावर लिहिली आहे तेवढी ठेवल्यावर गेली. इतकी वर्षे मी ती जास्त भरीत होतो, का ते आठवत नाही.

२०२३ च्या फेब्रुवारीत कोइमतूरला गेलो. गाडी शेजारच्यांपेक्षा उंच दिसत होती, आणि एकदोघांनी ते बोलूनही दाखवले. ट्रॅकवर एका ठिकाणी ब्रेक मारता मारता रस्त्याला पोट आले आहे. आखूड स्प्रिंगांवर तेथे मागची बाजू उडी मारून बाजूला सरके, आणि मी ते शौर्य समजत असे. या वेळी चाके जमिनीवरच राहिली. दिवसाच्या शेवटी माझा सर्वांत चांगला फेरा जुन्या वेळेपेक्षा सव्वा सेकंदाने लहान निघाला. त्यातला किती शॉकपचा आणि किती न घाबरण्याचा, हे मी सांगू शकणार नाही. मुख्य म्हणजे सहावा फेरा पहिल्यासारखाच होता. तेल तापले नव्हते.

पण ज्यासाठी हे सगळे केले ते माणूस गाडीत बसायला तयार नव्हते. पट्टा सुटून चार महिने झाले होते, तरी आई सगळीकडे रिक्षाने जाई. रिक्षा गाडीपेक्षा जास्त आदळते हे तिला मी समजावून पाहिले. ती म्हणे, "रिक्षात मी दांडा धरून बसते. धक्का कुठून येणार ते समोर दिसतं तरी." यावर माझ्याजवळ उत्तर नव्हते.

मार्चअखेर वाईहून फोन आला. मावशी अंथरुणाला खिळली होती आणि आईचे नाव घेत होती. वाईपर्यंत रिक्षा जात नाही. आई थोडा वेळ खिडकीत उभी राहिली, मग पातळ बदलून आली आणि मागचे दार स्वतः उघडून बसली. मांडीवर पर्स, पर्सवर दोन्ही हात.

कात्रजपासून शिरवळपर्यंत ती एक अक्षर बोलली नाही. आरशात मला तिच्या हातांची पकड दिसत होती. खंबाटकीचा घाट चढलो, उतरलो, सुरूर फाट्याला वळलो. वाईच्या रस्त्याला एका शाळेपुढे गतिरोधक होता आणि त्याचे पट्टे पुसलेले होते. मी वेग पार कमी केला, तरी हात घामेजले. पुढची चाके चढली, उतरली. मागची चढली, उतरली. गाडी खाली बसली आणि तिथेच राहिली.

मागून आवाज आला, "एकदाच हलली."

मी म्हटले, "काय?"

"आधी दोनदा हलायची. एकदा खड्ड्यानं आणि मग आपली आपण. आणि मग ती खाली ठेचायची. आता एकदाच हलते." मग तिने पर्स मांडीवरून शेजारी ठेवली. "काच जरा खाली कर. आणि मावशीसाठी द्राक्षं घ्यायची राहिली, फाट्यावर होती ती. पुढे मिळतील का रे?"

द्राक्षे वाईच्या बाजारात मिळाली.